बाजारपट्ट्यांची खतावणी : संगणकाच्या चार ओळींची कामगिरी

शेतकऱ्याचा माल कष्टानें पिकतो आणि घाईनें विकतो. पिकवितांना तो प्रत्येक वाफा डोळ्यांखालून घालतो. विकल्यावर मात्र हातीं आलेली हिशेबपट्टी खिशांत घालतो, घरीं आल्यावर खुंटीस अडकवितो, आणि हंगाम संपल्यावर त्या पट्ट्यांचा जुडगा उंदरांच्या स्वाधीन होतो. कोणत्या अडत्याकडे माल टाकल्यानें काय पदरांत पडलें, हमाली, तोलाई व भाडें यांत किती गेलें, कोणत्या वाराला भाव पडला, या प्रश्नांचें उत्तर त्या जुडग्यांत असतें. पण तें बाहेर काढण्यास लागणारी चिकाटी दिवसभर राबलेल्या माणसापाशीं उरत नाहीं. हें काम यंत्राकडून अर्ध्या घटकेंत कसें करून घेतां येतें, तें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

पुणें जिल्ह्यांतील आमच्या बहुतेक वाचकांस स्वारगेट परिचित आहे. एस.टी.च्या स्थानकावर उतरून गुलटेकडीच्या मार्केट यार्डाकडे जाण्याचा हा नेहमींचा रस्ता. त्याच स्थानकावर एक गोष्ट सर्वांच्या पाहण्यांत आलेली असेल. वाहकाच्या हातीं हल्लीं तिकिटांचें लहानसें यंत्र असतें. प्रत्येक तिकीट देतांना तें यंत्र कागदाचा तुकडा तर बाहेर टाकतेंच. शिवाय आपल्या पोटांत एक ओळ लिहून ठेवतें : अमुक वेळीं, अमुक ठिकाणापासून अमुक ठिकाणापर्यंत, इतके उतारू, इतके रुपये. आगारांत गेल्यावर त्या ओळींवरूनच फेरीचा हिशेब निघतो. अशा ओळींच्या दप्तरास इंग्रजींत ‘लॉग’ म्हणतात. ठिबकचें स्वयंचलित यंत्र, मोटारीचा मोबाईलवर चालणारा स्टार्टर, शेतांतील हवामान-यंत्र, हीं सर्व अशाच ओळी लिहीत असतात. आमच्या भाषेंत या दप्तराला नवें नांव शोधण्याची गरज नाहीं. ती रोजकीर्द होय.

रोजकीर्द आणि खतावणी

रोजकिर्दींत गोष्टी ज्या क्रमानें घडतात त्या क्रमानें लिहिल्या जातात. हा तिचा गुण, आणि हाच तिचा दोष. गुण असा कीं, लिहिणाऱ्याला विचार करावा लागत नाहीं व मागाहून फेरफार करण्यास जागा राहत नाहीं. दोष असा कीं, एका माणसाचें एकूण येणें किती हें पाहावयाचें तर सारी वही चाळावी लागते. म्हणून रोजकिर्दीवरून खतावणी करावयाची : प्रत्येक खात्यास एक पान, आणि किर्दीतील प्रत्येक रक्कम उचलून ज्याच्या त्याच्या पानावर न्यावयाची. खतावणीवरून गोषवारा काढावयाचा, आणि शेवटीं ताळा पाहावयाचा.

हें शास्त्र आमच्याकडे नवें नाहीं. पेशवाईंत पुण्याच्या हुजूर दफ्तरांत रोजकीर्द लिहिली जात असे, आणि जमाखर्चाचे कागद एकत्र करून त्यांची खातेवार मांडणी करण्यासाठीं ‘एकबेरीज दफ्तर’ म्हणून निराळें खातें होतें. पुढें त्या रोजकिर्दींतून गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडक उतारे काढून ते विषयवार लाविले. तसेंच रियासतकार सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दफ्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. या विद्वानांनीं जें केलें त्याचा गाभा हाच कीं, काळाच्या क्रमानें पडलेली सामग्री विषयाच्या क्रमानें लावणें.

महसुलांतील उदाहरण तर प्रत्येक खातेदाराच्या घरांत आहे. सात-बारा हा गट क्रमांकावर चालतो. एका शेतकऱ्याची जमीन पांच गटांत असेल तर त्याचें नांव पांच उताऱ्यांवर विखुरलेलें असतें. तेंच सर्व एका खात्याखालीं गोळा केलें म्हणजे गांव नमुना आठ-अ होतो. आठ-अ मध्यें नवीन माहिती कांहींच नसते. असलेलीच माहिती दुसऱ्या क्रमानें मांडलेली असते. पण कर्ज घेतांना, वांटणी करतांना वा आकार भरतांना तोच कागद लागतो. संगणकाची जी लहानशी आज्ञावली आम्ही पुढें सांगणार आहों ती सात-बारावरून आठ-अ करण्यासारखेंच काम करते.

वही कशी लिहावी

प्रथम पट्ट्यांची वही संगणकावर किंवा मोबाईलवर साध्या मजकुराच्या रूपांत उतरावी. एका पट्टीस एक ओळ. रकाने सहा : तारीख, माल, अडत्या, वजन (किलो), एकूण रक्कम (रुपये) व वजा झालेला खर्च (रुपये). दोन रकान्यांमध्यें एक मोकळी जागा सोडावी. समजूत पडण्यासाठीं आठ कल्पित पट्ट्या घेऊं. अडत्यांस ‘अ’ व ‘ब’ म्हणूं.

२०२५-०६-०२ टोमॅटो अ ४०० ६००० ५२०
२०२५-०६-०४ टोमॅटो ब १०० २००० १९०
२०२५-०६-०५ फ्लॉवर अ २५० ३००० ३५०
२०२५-०६-०८ टोमॅटो ब ९०० १०८०० १२६०
२०२५-०६-०९ टोमॅटो अ ५०० ८००० ६५०
२०२५-०६-१० फ्लॉवर ब १५० २१०० २१०
२०२५-०६-१२ टोमॅटो अ ३०० ३९०० ३९०
२०२५-०६-१३ टोमॅटो ब २०० ३६०० २८०

लिहितांना पांच नियम पाळावे. यंत्र अत्यंत आज्ञाधारक आहे, परंतु त्याला तारतम्य नाहीं.

पहिला नियम, तारीख वर्ष-महिना-दिवस अशी उलटी लिहावी. आपल्या नेहमींच्या रीतीनें दिवस आधीं लिहिल्यास क्रम लावतांना सर्व महिन्यांच्या एक तारखा एके ठिकाणीं येतात आणि हंगामाचा क्रम मोडतो.

दुसरा, एका मालाचें वा माणसाचें नांव नेहमीं एकाच प्रकारें लिहावें. ‘टोमॅटो’ आणि ‘टोमाटो’ हीं यंत्राच्या लेखीं दोन पिकें होत.

तिसरा, नांवाच्या मध्यें मोकळी जागा नसावी. ‘हिरवी मिरची’ असें सुटें लिहिल्यास यंत्र त्याचे दोन रकाने समजतें आणि पुढचे सारे आंकडे एकेक घर सरकतात. मध्यें आडवी रेघ द्यावी.

चौथा, रकमेंत स्वल्पविराम घालूं नये. दहा हजार आठशें ही रक्कम दहाच्या पुढें स्वल्पविराम देऊन लिहिली तर यंत्र ती दहा एवढीच वाचून थांबतें.

पांचवा नियम मराठी लिहिणारांसाठीं विशेष महत्त्वाचा आहे. येथें छापण्याच्या सोयीसाठीं अंक देवनागरी दिले आहेत. पण वहींत ते इंग्रजी अंकच असले पाहिजेत. आम्ही जी आज्ञावली सांगणार आहों ती देवनागरी अंकांस संख्या मानीत नाहीं. त्यांना अक्षरें समजून त्यांची किंमत शून्य धरते. सर्वच ओळी मराठी अंकांत असतील तर वजन शून्य येऊन भागाकाराशीं यंत्र अडतें व चूक ध्यानांत येते. एखादीच ओळ तशी असेल तर मात्र ती बिनबोभाट बेरजेंतून गळते, आणि हें अधिक घातक आहे.

आज्ञावली

अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७७ सालीं अल्फ्रेड एहो, पीटर वाइनबर्गर व ब्रायन कर्निघॅन या तिघांनीं एक लहान भाषा तयार केली. तिघांच्या आडनांवांचीं इंग्रजी आद्याक्षरें जोडून तिचें नांव ‘ऑक’ पडलें. जवळजवळ पन्नास वर्षें लोटलीं तरी ती उपयोगांत आहे, आणि तिला मोल पडत नाहीं. लिनक्स प्रणालीच्या संगणकावर ती बहुधा आधींच बसविलेली असते; अँड्रॉइड मोबाईलवर ‘टर्मक्स’ नांवाचा उपक्रम घेतल्यास तेथेंही चालते. आज्ञा रोमन अक्षरांत द्यावी लागते. कॉलेजांत संगणक शिकणारा गांवचा कोणीही मुलगा वा मुलगी ती लिहून देईल. आपण तिचा अर्थ समजून घ्यावा, म्हणजे लिहून देणाऱ्यास काय हवें तें नेमकें सांगतां येईल.

ऑकची रीत अशी. ती वही वरून खालीं एकेक ओळ वाचते आणि मोकळ्या जागांवरून ओळीचे रकाने स्वतःच पाडते. डॉलरचें चिन्ह व पुढें ३ असें लिहिलें म्हणजे तिसरा रकाना. आतां आज्ञा ऐका.

१. ज्या ओळींत रकाने सहा नाहींत, ती निराळी छापून दाखवावी व हिशेबांत धरूं नये.
२. बाकी प्रत्येक ओळीचा दुसरा व तिसरा रकाना जोडून खात्याचें नांव करावें. त्या खात्याच्या वजनांत चौथा, रकमेंत पांचवा व खर्चांत सहावा रकाना मिळवावा.
३. सर्व ओळी संपल्यावर प्रत्येक खात्याचें नांव, वजन, रक्कम, खर्च, आणि रकमेंतून खर्च वजा करून राहिलेल्या बाकीस वजनानें भागून येणारा किलोचा निव्वळ दर छापावा.
४. निघालेल्या ओळी शेवटच्या रकान्यावर, मोठा आंकडा आधीं, अशा क्रमानें लावाव्या.

यांपैकीं दुसऱ्या आज्ञेंत सारें मर्म आहे. खातीं कोणतीं व किती, हें यंत्राला आधीं सांगावें लागत नाहीं. ‘टोमॅटो-अ’ हें नांव प्रथम दिसतांच तें नवें पान उघडतें. पुन्हां दिसलें कीं त्याच पानावर रक्कम चढवितें. हुशार कारकून खतावणी करतांना हेंच करतो.

चौथें काम ऑक स्वतः करीत नाहीं. खातीं छापतांना तिचा क्रम कसाही असूं शकतो. त्यासाठीं ‘सॉर्ट’ म्हणजे क्रम लावणारी निराळी आज्ञा आहे. दोन आज्ञांच्या मध्यें एक उभी रेघ ओढली कीं पहिलीचें उत्पन्न दुसरीच्या तोंडीं जातें. या रेघेस ‘पाईप’ म्हणतात. चारीचें पाणी वाफ्यांत सोडावें तसाच हा प्रकार. ही युक्ति डग मॅकइलरॉय यांच्या कल्पनेवरून १९७३ सालीं युनिक्स प्रणालींत आली. सॉर्टला ‘संख्या समजून लाव’ असें स्पष्ट सांगावें लागतें. न सांगितल्यास ती शब्दकोशाप्रमाणें पहिल्या अक्षरावरून क्रम लावते, आणि १२०० हे १५० च्या आधीं येतात. कारण एकापुढचा दोन हा एकापुढच्या पांचाहून लहान!

निघालेला गोषवारा

वरील आठ ओळींवर ही आज्ञावली चालविली असतां पुढील चार ओळी निघतात. क्रम : खातें, वजन, रक्कम, खर्च, किलोचा निव्वळ दर.

टोमॅटो-अ १२०० १७९०० १५६० १३.६२
फ्लॉवर-ब १५० २१०० २१० १२.६०
टोमॅटो-ब १२०० १६४०० १७३० १२.२३
फ्लॉवर-अ २५० ३००० ३५० १०.६०

प्रथम ताळा पाहावा. गोषवाऱ्यांतील वजनांची बेरीज २८०० किलो, रकमांची ३९,४०० रुपये व खर्चाची ३,८५० रुपये येते. मूळ आठ ओळींची बेरीजही तीच आहे. हा ताळा जुळल्यावांचून कोणत्याही गोषवाऱ्यावर विश्वास ठेवूं नये, मग तो माणसानें केलेला असो वा यंत्रानें.

आतां एका सर्वसाधारण चुकीकडे लक्ष वेधणें अवश्य आहे. टोमॅटोचे ‘अ’ कडील तीन दर १५, १६ व १३ रुपये. त्यांची सरासरी १४ रु. ६७ पैसे. ‘ब’ कडील तीन दर २०, १२ व १८. त्यांची सरासरी १६ रु. ६७ पैसे. चावडीवर बसून बोलणारा शेतकरी हेच आंकडे तोंडीं धरून ‘ब’ चांगला असें म्हणेल. परंतु दरांची सरासरी ही पैशांची सरासरी नव्हे. वीस रुपयांचा दर अवघ्या १०० किलोंस मिळाला आणि बारा रुपयांचा ९०० किलोंस. एकूण रकमेस एकूण वजनानें भागलें तर ‘अ’ कडे किलोस १४ रु. ९२ पैसे व ‘ब’ कडे १३ रु. ६७ पैसे पडतात. दोघांकडे माल सारखाच, १२०० किलो, गेला. खर्च वजा जातां ‘अ’ कडून १६,३४० व ‘ब’ कडून १४,६७० रुपये आले. फरक १,६७० रुपयांचा. चांगला भाव लक्षांत राहतो आणि मोठी खेप विसरली जाते, हा मनुष्यस्वभाव आहे. म्हणून स्मरणावर अवलंबून न राहतां खतावणी करावी.

तथापि एकदम दोष देऊं नये

येथेंच थांबून ‘ब’ ला सोडून देणारा शेतकरी मात्र अन्याय करील. गोषवारा हातीं आल्यावर पुन्हां मूळ किर्दीकडे वळावें. ‘ब’ चा सारा तोटा ८ जूनच्या एकाच ओळींत आहे. ती ओळ बाजूस ठेवली तर त्याच्याकडे ३०० किलोंस ५,६०० रुपये, म्हणजे किलोस १८ रु. ६७ पैसे पडतात. आणि ८ जून २०२५ हा रविवार होता. पुण्याच्या बाजारांत रविवारीं आवक मोठी असते, व आवक वाढली म्हणजे भाव उतरतो. ‘अ’ कडे रविवारीं माल गेलाच नाहीं. तेव्हां हा दोष अडत्याचा कीं वाराचा, हें या आठ ओळींवरून ठरत नाहीं.

तें ठरविण्याचा मार्ग असा. वहींत सातवा रकाना वाढवून त्यांत त्या दिवसाचा बाजारांतील दर लिहावा. राज्य कृषि पणन मंडळ, ज्याची कचेरी गुलटेकडीसच आहे, बाजार समित्यांमधील रोजची आवक व किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करतें. आपला दर त्या दिवसाच्या सर्वसाधारण दराहून किती वर वा खालीं, हा फरक काढून त्याची खतावणी करावी. एक वेळ खातें अडत्याच्या नांवानें, एक वेळ वाराच्या नांवानें. आज्ञावलींत यासाठीं फक्त खात्याचें नांव बदलावें लागतें. शिवाय प्रतवारीही ध्यानांत घ्यावी. पहिल्या तोड्याचा माल एकाकडे व शेवटच्या तोड्याचा दुसऱ्याकडे गेला असेल तर तुलनाच होत नाहीं. निदान एका हंगामाच्या पट्ट्या हातांत असल्यावांचून कोणाविषयीं मत बनवूं नये.

खर्चाच्या बाबतींत मात्र निकाल लवकर लागतो. एकच खर्चाचा रकाना न ठेवतां हमाली, तोलाई, भाडें व ‘इतर’ असे निराळे रकाने करावे व प्रत्येकाचें किलोमागें प्रमाण काढावें. जुलै २०१६ मध्यें राज्य सरकारनें फळें व भाजीपाला यांवरील अडत शेतकऱ्याकडून न घेतां खरेदीदाराकडून घ्यावी असें ठरविलें. म्हणून भाजीपाल्याच्या पट्टींत शेतकऱ्याच्या नांवें अडत पडतां कामा नये. ‘इतर’ या रकान्याखालीं रकमेच्या ठराविक प्रमाणांत कांहीं कापलें जात असेल तर तें दोन-चार पट्ट्यांत दिसत नाहीं. साठ-सत्तर ओळींचा गोषवारा पुढें ठेवला म्हणजे दिसतें. तसें दिसल्यास पट्ट्यांच्या प्रतींसह बाजार समितीकडे लेखी अर्ज करावा. ‘फार कापतात’ या तोंडी तक्रारीस कोणी विचारीत नाहीं; तारीखवार तक्ता जोडलेल्या अर्जास उत्तर द्यावें लागतें.

पाण्याच्या पाळीस उपयोग

हीच रीत सामाईक विहिरीस वा उपसा योजनेसही लागू पडते. स्टार्टरच्या नोंदींत मोटार केव्हां सुरू झाली व केव्हां बंद झाली याच्या ओळी असतात; त्यांत पाळी कोणाची हा रकाना आपण घालावा. प्रत्येक ओळींत बंदच्या वेळेंतून सुरूची वेळ वजा करावी व ते तास त्या भागीदाराच्या खात्यांत मिळवावे. येथें एक खांच आहे. वीज पुष्कळदां रात्रीं मिळते. मोटार रात्रीं दहाला, म्हणजे २२ वाजतां, सुरू होऊन सकाळीं ६ ला बंद झाली तर सहांतून बावीस वजा जाऊन उणे सोळा उरतात. म्हणून आज्ञावलींत एक अट घालावी : उत्तर उणे आल्यास त्यांत चोवीस मिळवावे. मग आठ तास बरोबर निघतात. ही अट विसरल्यास ज्यानें रात्रभर जागून पाणी धरलें त्याच्याच खात्यांतून तास वजा होतील, आणि भाऊबंदकीस नवें निमित्त मिळेल.

दप्तराची शिस्त

शेवटीं जुन्या कचेऱ्यांतील दोन शिस्ती येथेंही पाळाव्या. मूळ रोजकिर्दीस हात लावूं नये. चूक सांपडल्यास मूळ वहीची एक प्रत तशीच राखून दुरुस्ती दुसऱ्या प्रतींत करावी, आणि काय बदललें हें तारखेसह लिहून ठेवावें. क्रम लावलेली किंवा गोषवारा केलेली वही निराळ्या नांवानें सांठवावी; ती मूळ वहीच्या नांवावर चढविल्यास मूळ नाहींसें होतें. दुसरें, कागदी पट्ट्या फेकून देऊं नयेत. संगणकावरील ओळ ही आपली नोंद आहे. पुरावा म्हणून पट्टीच दाखवावी लागेल. महिन्यावारी दोऱ्यांत ओवून ठेवल्या तरी पुरे.

आमची संस्थेच्या प्रत्येक शाखेस अशी सूचना आहे कीं, शाखेपुरता एक शिकलेला तरुण या कामासाठीं नेमावा, व सभासदांनीं आपल्या पट्ट्यांचीं छायाचित्रें त्याच्याकडे आठवड्यास एकदां द्यावीं. दहा सभासदांच्या पट्ट्या एका वहींत आल्या तर एकाच दिवशीं, एकाच बाजारांत, सारख्या मालास निरनिराळ्या गाळ्यांवर काय मिळालें याची तुलना होते, जी एकट्याच्या वहींत कधींच होत नाहीं. खरिपाचा भाजीपाला बाजारांत येण्यापूर्वीं ही व्यवस्था लावावी, आणि पहिली पट्टी हातीं येईल त्याच रात्रीं पहिली ओळ लिहावी.